रेड स्क्वेअरवरचा गालिचा

“स्पार्ताकनं कुणाचं घोडं मारलंय?” मॉस्कोच्या या फुटबॉल क्लबाबद्दल आमच्या एका कोल्हापूरकर मित्राने मध्यरात्री युरोपातली मॅच बघता बघता हा प्रश्न टाकला आणि मॅच राहिली बाजूला. हा गडी तालमीच्या संघासाठी भर उन्हात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा बसवून घेणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. युक्रेनवर आक्रमण झालं तेव्हापासून, म्हणजे २०२२ पासून, रशियन क्लबांना युरोपच्या स्पर्धांत पाय ठेवू देत नाहीत. गॅझप्रॉम या सरकारी वायूकंपनीच्या पैशावर चालणारा झेनित क्लब असेल तर समजू शकतो, पण स्पार्ताक? जो क्लब उभारणाऱ्या चार स्तारोस्तिन भावांना स्टालिनच्या राजवटीने छावण्यांत सडवलं, ज्याला रशियात आजही ‘लोकांचा संघ’ म्हणतात, तो सरकारच्या पापाचा वाटेकरी कसा? समोरच्याने तितक्याच ठामपणे सांगितलं की तिथले सगळे क्लब सरकारच्या दावणीला बांधलेले, जुन्या गोष्टी उगाळून काय उपयोग. पुढचा तासभर दोघं एकमेकांवर ओरडत होते. मला मात्र वाटत होतं की दोघांनीही त्या जुन्या गोष्टी नीट ऐकलेल्याच नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पार्ताकवरची बंदी मला योग्य वाटते. पण स्पार्ताक म्हणजे क्रेमलिन, असं मानून नव्हे; तसं मानणं इतिहासाला धरून नाही. आणि स्तारोस्तिन बंधूंची कहाणी पुढे करून क्लबाला निर्दोषत्वाचा दाखला देणं तर त्याहून वाईट, कारण ती कहाणी नेमकं उलटं सांगते. सत्तेचा हात डोक्यावर असल्याशिवाय त्या देशात क्लब उभाच राहत नव्हता, आणि त्या हाताची किंमत कधी ना कधी मोजावी लागत होती. ‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य स्पार्ताकच्या बाबतीत शंभर वर्षांत एक दिवसही खरं नव्हतं. ज्यांना ते आज अचानक आठवलं, त्यांनी निदान हे नाव तरी साक्षीला बोलावू नये.

सुरुवात मात्र अगदी आपल्या ओळखीची आहे. मॉस्कोच्या पश्चिमेला प्रेस्न्या नावाची कामगारवस्ती. १९०५ च्या उठावात तिथे रस्त्यारस्त्यांत अडसर उभारून लोक झारच्या फौजेशी लढले होते. तिथल्या पोरांनी १९२२ साली ‘मॉस्को क्रीडा मंडळ’ काढलं. निकोलाय, अलेक्सांद्र, आंद्रेई आणि प्योत्र हे स्तारोस्तिन भाऊ त्यातलेच. वस्तीचा संघ, वस्तीची पोरं, शेजारच्या वस्तीशी खुन्नस. पेठ आणि तालीम म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं समजावायला नको. पण तालमीलाही आश्रयदाता लागतो, आणि जिथे खासगी धनीच उरलेला नाही तिथे तो आणायचा कुठून? म्हणून हा क्लब पुढची तेरा वर्षं नाव बदलत फिरला. कधी वस्तीच्या नावाने ‘क्रास्नाया प्रेस्न्या’, कधी अन्नउद्योग कामगारांच्या संघटनेच्या आसऱ्याने ‘पिश्चेविकी’, कधी ‘दुकात’ या सिगारेट कारखान्याच्या नावाने. शेवटी १९३५ मध्ये छोट्या कारागिरांच्या सहकारी संस्थांचा महासंघ पाठीशी उभा राहिला आणि रोमन साम्राज्याविरुद्ध उठलेल्या गुलामाचं नाव घेतलं गेलं, स्पार्ताक. नाव बंडखोराचं असलं तरी ते मिळवून देणारा माणूस सत्तेच्या गाभाऱ्यातला होता. अलेक्सांद्र कोसारेव, कोम्सोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेचा प्रमुख.

इतर क्लबांकडे बघितलं की फरक कळतो. डायनामो १९२३ पासून गुप्त पोलिसांच्या छत्राखाली, त्स्दका लष्कराचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा. त्यांच्या तुलनेत न्हावी-शिंप्यांच्या सहकारी संस्थांचा संघ सामान्य माणसाला जवळचा वाटला, यात नवल नाही. पोलिसांच्या संघाला हरवणाऱ्या संघासाठी ओरडणं हा ‘नाही’ म्हणायचा एक लहानसा मार्ग होता, असं अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट एडलमन सांगतात आणि ते मला पटतं. फक्त ‘लहानसा’ हा शब्द लोक सोयीस्करपणे गाळतात.

कारण याच बंडखोर संघाने ६ जुलै १९३६ रोजी काय केलं ते पाहा. क्रीडादिनाच्या संचलनात स्टालिनला फुटबॉल दाखवायचा, आणि तोही रेड स्क्वेअरवर, ही कोसारेवची टूम. दगडी फरसबंदीवर खेळणार कसं? स्पार्ताकच्या शेकडो खेळाडूंनी रात्री जागून नमद्याचे तुकडे शिवून एक अवाढव्य गालिचा केला आणि गवतासारखा दिसावा म्हणून तो हिरव्या रंगाने रंगवला. सामना डायनामोशी व्हायचा होता. पण चेंडू क्रेमलिनच्या भिंतीला किंवा, देव न करो, मंडपावरच्या साहेबांनाच लागला तर काय, या धास्तीने त्यांनी अंग काढून घेतलं असं सांगतात. मग स्पार्ताकचा पहिला संघ आपल्याच दुसऱ्या संघाशी खेळला. गोल कसे व्हायचे तेही ठरलेलं होतं. एक डोक्याने, एक टाचेने, एक कॉर्नरवरून, एक पेनल्टी. जणू नमुन्यांची पेटी उघडून दाखवायची. कोसारेव स्टालिनच्या शेजारी हातात पांढरा रुमाल घेऊन उभा. साहेब कंटाळले असं वाटलं की रुमाल हलवायचा आणि खेळ बंद. अर्ध्या तासाचा खेळ त्रेचाळीस मिनिटं चालला, रुमाल काही हलला नाही.

हे दृश्य मी पुन्हा पुन्हा मनात उभं करतो, कारण सगळा वाद त्या रुमालात आहे. हे खेळाडू सत्तेचे गुलाम होते का? नव्हते. गालिचा शिवायला त्यांच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. उलट संधी मिळाली म्हणून ते खूश होते. फुटबॉलला राजमान्यता मिळाली, क्लबाचा दबदबा वाढला, आणि त्याच वर्षीच्या शरद हंगामात स्पार्ताक पहिल्यांदा सोव्हिएत विजेता झाला. मग ते स्वतंत्र होते का? ज्याच्या रुमालावर शिट्टी अवलंबून, त्याला स्वतंत्र कोण म्हणेल? क्लब आणि सत्ता यांचं नातं बहुधा असंच असतं, दोघांनाही हवंसं वाटणारं आणि एकाच्याच हातात रुमाल असणारं. कोसारेव तरी कुठे सुटला? ज्या यंत्रणेत तो वर चढला तिनेच १९३९ च्या फेब्रुवारीत त्याला गोळी घातली.

मित्राचा सर्वांत वजनदार मुद्दा स्तारोस्तिन बंधूंच्या छळाचा, आणि तो खराच आहे. १९३८ आणि १९३९, दोन्ही वर्षी स्पार्ताकने लीग आणि कप असा दुहेरी मान मिळवला. १९३९ च्या कपाची गोष्ट तर अशी की मराठी नाटककाराने लिहिली तर आपण ‘अती केलंय’ म्हणू. उपांत्य सामन्यात स्पार्ताकने दिनामो त्बिलिसीला एका गोलने हरवलं. मग अंतिम सामना झाला, लेनिनग्राडच्या संघाला ३-१ ने हरवून स्पार्ताकने कप उचलला. आणि त्यानंतर वरून हुकूम आला की उपांत्य सामना पुन्हा खेळवा! अंतिम सामना होऊन गेल्यावर उपांत्य सामना. गृहखात्याचा नवा प्रमुख लावरेंती बेरिया हा जॉर्जियाचा आणि त्बिलिसीचा पाठीराखा, एवढं सांगितलं की पुरे. ३० सप्टेंबरला सामना झाला आणि स्पार्ताक पुन्हा जिंकला, ३-२. आधीच्या सामन्याच्या पंचावर मात्र बंदी आली ती आली. १९४२ च्या मार्चमध्ये निकोलायला घरातून उचलून लुब्यांकात, म्हणजे गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातल्या तुरुंगात, नेलं, पाठोपाठ बाकीचे तिघे. रेड स्क्वेअरवरच्या संचलनात स्टालिनला मारायचा कट केल्याचा आरोप आधी पुढे आला. पुढच्या वर्षी प्रत्येकाला दहा-दहा वर्षं झाली.

इथे दोन्ही बाजू घाई करतात. एक म्हणते, बघा, बेरियाने फुटबॉलचा सूड घेतला. दुसरी म्हणते, कागदपत्रं बाहेर आली आहेत, त्यांत सोव्हिएतविरोधी बोलण्यांबरोबर सहकारी संस्थांच्या मालाची अफरातफर हाही आरोप आहे. म्हणजे हुतात्मे कसले, काळाबाजारवाले. मला दोन्ही एकदम खरं असण्यात काहीच अडचण दिसत नाही. टंचाईच्या त्या राज्यात बूट, कापड, कोटे, घरं, खेळाडूंचे पगार हे सगळं नियमाच्या कडेकडेनेच मिळवावं लागे. खेळाडू कागदावर ‘हौशी’, प्रत्यक्षात पगारी. असा क्लब चालवणारा प्रत्येक माणूस कागदावर गुन्हेगार होता. प्रश्न एवढाच की फाइल कुणाची आणि कधी उघडायची. आपल्याकडच्या वाचकाला ‘फाइल उघडणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगावा लागणार नाही. डायनामोच्या कारभाऱ्यांच्या फायली काय गंगाजलाने धुतलेल्या होत्या?

आणि पुढचा भाग तर कुठल्याच बाजूला सोयीचा नाही. छावणीत निकोलाय स्तारोस्तिनचं काय झालं? उख्ता, खाबारोव्स्क, अमूर नदीकाठचं कोम्सोमोल्स्क. जिथे गेला तिथे छावणीच्या अधिकाऱ्यांना तो आपल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून हवा होता. हजारो माणसं ज्यांच्या इशाऱ्यावर मरत होती, तेच अधिकारी त्याच्याकडे स्थानिक डायनामोला कप मिळवून दे म्हणून अजिजी करत. म्हणजे ज्या गुप्त पोलिसांनी त्याला आत टाकलं, त्यांच्याच संघाला तो खेळ शिकवत होता, आणि त्यामुळेच जगला. १९४८ मध्ये स्टालिनचा मुलगा वासिली याने आपल्या हवाई दलाच्या संघासाठी त्याला विमान पाठवून मॉस्कोला आणलं. थोड्याच दिवसांत बेरियाची माणसं दारात उभी राहिली, चोवीस तासांत शहर सोडा. मग वासिलीने त्याला स्वतःच्या घरी ठेवलं. निकोलायच्या आठवणींनुसार दोघं एकाच पलंगावर झोपत, वासिलीच्या उशाखाली पिस्तूल. एका रात्री वासिली दारूच्या नशेत झोपलेला पाहून निकोलाय घरच्यांना भेटायला खिडकीतून सटकला. पहाटे त्याला उचललं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं, तर वासिलीच्या माणसाने वाटेत ओर्योल स्टेशनवर गाठून परत आणलं. शेवटी तो कझाकस्तानात जाऊन पडला, अल्मा-अतामध्ये. स्टालिन मेल्यावर सुटका झाली आणि १९५५ मध्ये तो पुन्हा स्पार्ताकचा कारभारी झाला. १९९६ मध्ये नव्वदी ओलांडून वारला. त्याचा बराचसा जन्म याच क्लबात गेला.

या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याच्या आयुष्यातून ‘खेळ राजकारणापासून वेगळा’ असा निष्कर्ष काढायचा? ज्याला फुटबॉलमुळे तुरुंगात टाकलं, फुटबॉलमुळे जगवलं, फुटबॉलमुळे विमानाने आणलं आणि फुटबॉलमुळेच पुन्हा हाकललं, तो या वाक्यावर हसला असता.

आता एक गोष्ट मी मोकळेपणाने कबूल करतो. स्पार्ताकमध्ये ‘लोकांचा’ असा काही भाग असेल तर तो स्टँडमध्ये आहे. सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघात पहिल्यांदा लाल-पांढरे मफलर घालून संघटितपणे ओरडणारी पोरं दिसू लागली ती स्पार्ताकची. मफलर दुकानात मिळत नव्हते. घरी विणलेले असत. ‘मांस’ ही शिवी विरोधकांनी दिली, कारण क्लब कधीकाळी अन्नउद्योगवाल्यांचा. या पोरांनी ती शिवी उचलून बिरुदासारखी मिरवली. ‘आम्ही कोण?’ असं एकाने ओरडायचं आणि सगळ्या स्टँडने ‘म्यासो!’ म्हणजे ‘मांस!’ असं उत्तर द्यायचं, हे आजही चालतं. मिलिशिया, म्हणजे तिथले पोलीस, मफलर ओढून घ्यायची, रांगेने बाहेर काढायची, पोलीस चौकीत नेऊन दमात घ्यायची. या पोरांना सरकारचे हस्तक म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

त्यांनी मोजलेली किंमत २० ऑक्टोबर १९८२ ला दिसली. लुझनिकी स्टेडियम, हॉलंडच्या हार्लेमशी युएफा कपचा सामना, हाडं गोठवणारी थंडी. एवढ्या मोठ्या स्टेडियमचा थोडासाच भाग उघडला होता आणि गर्दीला एकाच बर्फाळ जिन्यावरून उतरवलं जात होतं. शेवटच्या क्षणी सर्गेई श्वेत्सोवने दुसरा गोल केला. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. अधिकृत आकडा ६६ मृत्यूंचा, त्यांत बहुतेक कोवळी पोरं. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या एका सायंदैनिकात दोन ओळी आल्या, सामना संपल्यावर अपघात झाला, काहींना दुखापत झाली. बस. आकडा लोकांना कळायला १९८९ उजाडावं लागलं. तो गोल आपण केला नसता तर बरं झालं असतं, असं श्वेत्सोव पुढे म्हणाला. आईबाप मुलांची प्रेतं शोधत शवागारं पालथी घालत होते, तेव्हा ‘लोकांचा संघ’ काय करत होता? खेळत होता. क्लबातल्या माणसांना दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. पण क्लब ही संस्था सत्तेने घातलेली गप्प बसण्याची अट पाळत राहिली. मेले ते चाहते, आणि गप्प राहिला तो क्लब. या दोघांना एकाच नावाने हाक मारल्यामुळेच आपला वाद भरकटतो.

चाहत्यांनाही मी सोवळ्यात बसवणार नाही, म्हणा. २०१० च्या डिसेंबरमध्ये स्पार्ताकच्या एका चाहत्याचा खून झाल्यावर क्रेमलिनला लागून असलेल्या मानेझ चौकात हजारोंचा जमाव जमला, आणि कॉकेशसकडचा दिसेल त्याला बदडायची भाषा आणि कृती दोन्ही झाली. २०१८ च्या जानेवारीत तर क्लबाच्या अधिकृत खात्यावरूनच, सरावात पळणाऱ्या आपल्या ब्राझिली खेळाडूंचा व्हिडिओ दाखवून, ‘उन्हात चॉकलेटं कशी वितळतात पाहा’ असा विनोद झाला. लोकांचा संघ म्हटल्यावर लोकांतलं सगळंच पदरात घ्यावं लागतं.

सोव्हिएत संघ बुडाल्यावर धनी बदलला, रीत बदलली नाही. नव्या रशियाच्या पहिल्या दहा लीगपैकी नऊ स्पार्ताकने मारल्या. १९९५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटात सहापैकी सहा सामने जिंकले. मैदानाबाहेर मात्र १९९७ मध्ये क्लबाच्या महासंचालक लारिसा नेचायेवा यांचा त्यांच्या दाच्यावर, म्हणजे शहराबाहेरच्या घरी, गोळ्या घालून खून झाला. २००४ मध्ये लुकऑइल या तेल कंपनीचे लिओनिद फेदुन मालक झाले, २०१४ मध्ये तुशिनोत पंचेचाळीस हजारांचं स्वतःचं स्टेडियम झालं, बाहेर हातात तलवार घेतलेला भला थोरला स्पार्टाकस उभा राहिला. तोवर शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या या क्लबाला स्वतःचं म्हणावं असं मोठं मैदान नव्हतं! चारच वर्षांनी त्याच मैदानावर विश्वचषकाचे सामने झाले आणि पुतिन यांच्या रशियाचं हसरं रूप जगाने तिथे पाहिलं. आणखी एक गालिचा, एवढंच. नमद्याऐवजी या वेळी खरं गवत.

फेदुन यांच्याबद्दल मित्राने सांगितलेला मुद्दाही खरा. ते जन्माने कीवचे. लुकऑइलच्या संचालक मंडळाने २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीलाच लढाई लवकर थांबावी असं निवेदन काढलं होतं, आणि रशियातल्या इतक्या मोठ्या कंपनीने असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्याच वर्षी फेदुन क्लबातून बाहेर पडले आणि क्लब कंपनीकडे गेला. चांगली माणसं होती का? होती. त्यांचं चालत होतं का? रुमाल आठवा.

बंदी कशी आली हेही लोक विसरले. २०२१ च्या शरदात स्पार्ताकने लेस्टर आणि नापोली यांच्या गटात पहिलं स्थान मिळवलं होतं आणि पुढची लढत लाइपझिगशी पडली होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं युक्रेनवर आक्रमण सुरू झालं. त्यानंतर फिफाने काय करावं? रशियाच्या राष्ट्रीय संघाने झेंडा आणि राष्ट्रगीताशिवाय, त्रयस्थ मैदानावर, महासंघाच्या नावाने खेळावं, अशी पळवाट २७ तारखेला काढली. ती टिकली एक दिवस. पोलंडने सांगितलं की आम्ही रशियाशी खेळणारच नाही, मग नाव काहीही असो. स्वीडन आणि चेक प्रजासत्ताकानेही तेच सांगितलं. २८ तारखेला फिफा आणि युएफाने सगळ्या रशियन संघांना बाहेर काढलं, त्यात स्पार्ताकही गेला. म्हणजे झुरिकच्या साहेबांना नीतिमत्तेचा झटका आला म्हणून ही बंदी आलेली नाही. समोर उभं राहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आली. खेळाला दोन बाजू लागतात, आणि समोरच्यालाही ‘तुझ्याशी नाही खेळत’ म्हणायचा हक्क असतो. गल्लीतल्या पोरांना कळतं ते हे.

दुटप्पीपणाचा आक्षेप यापेक्षा अवघड आहे. २००३ मध्ये इराकवर चाल करून जाणाऱ्या अमेरिकेला आणि ब्रिटनला कुणी मैदानाबाहेर काढलं? कुणीही नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, त्याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तो आक्षेप पट्टी सगळ्यांना लावा असं सांगतो, पट्टी मोडून टाका असं नाही. आणि सोव्हिएत संघाने स्वतः ही पट्टी वापरलेली आहे. १९७३ मध्ये विश्वचषक पात्रतेचा परतीचा सामना चिलीत सांतियागोला होता, ज्या स्टेडियममध्ये पिनोशेच्या लष्कराने हजारो कैदी कोंडून छळले होते तिथेच. मॉस्कोने संघ पाठवायला नकार दिला. चिलीचे खेळाडू मैदानात आले, समोर कुणी नसताना पासेस देत गेले आणि रिकाम्या जाळीत चेंडू टाकला. सोव्हिएत संघ विश्वचषकातून बाहेर. तो नकार मला आजही बरोबर वाटतो, मग तो देणाऱ्यांच्या स्वतःच्या छावण्यांचा हिशोब काहीही असो. पुढच्याच वर्षी भारताने डेव्हिस कपची अंतिम लढत वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला आणि हाताशी आलेला कप सोडला. अमृतराज बंधूंची पिढी त्या हळहळीसह जगली. त्या वेळी ‘खेळाडूंचा काय दोष’ हे वाक्य इथेही म्हटलं गेलंच असणार, आणि ते खरंही होतं. दोष नव्हताच. तरीही न खेळणं बरोबर होतं.

मुंबईतही हा वाद होऊन गेलाय. हिंदू, मुस्लिम, पारसी, युरोपीय आणि उरलेले अशा संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा. अफाट गर्दी, अफाट पैसा, उत्तम क्रिकेट. १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ला घ्यायला वर्ध्याला गांधीजींकडे गेली आणि जातीय तत्त्वावरच्या संघांना विरोध ऐकून परतली. खेळणाऱ्यांच्या मनात द्वेष होता का? बहुतेकांच्या नसावा. विजय मर्चंट आणि विजय हजारे त्या स्पर्धेत खेळले म्हणून ते जातीयवादी ठरत नाहीत. तरी स्पर्धा बंद झाली हे बरं झालं, असं मानणारे आज बहुसंख्य आहेत. खेळाडू निर्दोष असूनही मांडव चुकीचा असू शकतो.

‘बहिष्काराने हुकूमशाही आणखी घट्ट होते’ हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण कधी कधी तसं होतंही. पण रशियाच्या बाबतीत उलटा प्रयोग करून झालेला आहे. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावरही विश्वचषक काढून घेतला नाही, गॅझप्रॉमची जाहिरात चॅम्पियन्स लीगच्या प्रत्येक मध्यंतरात झळकत राहिली. त्या मोकळेपणाने काय सैल झालं? त्याच काळात पूर्व युक्रेनमधला शाख्तार दोनेत्स्क हा क्लब २००९ मध्ये बांधलेलं आपलं देखणं स्टेडियम सोडून ल्विव, खार्किव, कीव आणि पुढे वॉर्सा, हॅम्बुर्ग असा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होता. शाख्तारच्या चाहत्याला ‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य कोणत्या तोंडाने ऐकवायचं? त्याच्या घरच्या मैदानात राजकारण रणगाड्यावर बसून आलं.

राहता राहिले स्पार्ताकचे चाहते, ज्यांची मला खरोखर कणव येते. नव्या कायद्याने रशियात स्टेडियममध्ये शिरायला ‘फॅन आयडी’ सक्तीचा झाला, म्हणजे सरकारकडे नाव-चेहरा नोंदवून मगच तिकीट. त्यावर स्पार्ताकसह देशभरच्या कट्टर चाहत्यांनी बहिष्कार घातला आणि गोलमागचे स्टँड ओस पडले. हे धाडस आहे, त्या देशात तर आहेच. मित्राने हे उदाहरण मोठ्या अभिमानाने दिलं. मी विचारलं, आयडीसाठी रिकामे झालेले हे स्टँड, युद्धासाठी एकदा तरी रिकामे झाले का? तो गप्प बसला. मग म्हणाला, “तू तिथे असतास तर उठून गेला असतास?” त्यावर गप्प बसायची पाळी माझी होती.

तेवढ्यात टीव्हीवर मॅच संपली, कोण जिंकलं हे दोघांनीही पाहिलं नाही. तो चप्पल घालत असताना मी त्याला शेवटचं एक सांगितलं. १९४६ चा सोव्हिएत कप. अंतिम सामना स्पार्ताक विरुद्ध दिनामो त्बिलिसी, पुन्हा बेरियाचा लाडका संघ. जादा वेळेत स्पार्ताक ३-२ ने जिंकला, लोकांनी टोप्या उडवल्या. पुढच्या वर्षीही कप त्यांचाच. त्या दोन्ही वर्षी चारही स्तारोस्तिन भाऊ शिक्षा भोगत होते. आंद्रेई नोरिल्स्कला, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर.

“म्हणजे क्लब त्यांच्याशिवाय खेळला?” त्याने विचारलं.

खेळला. जिंकलाही.